रिओहाच्या ग्लासातलं खोबरं

मित्र परदेशातून येताना स्पेनची एक रेड वाईन घेऊन आला. लेबलवर 'रिओहा', खाली 'क्रियान्झा'. ग्लासात नाक घातलं तर वास आला सुक्या खोबऱ्याचा! वाटलं, स्वयंपाकघरात मसाला भाजला जातोय. ग्लास घेऊन बाल्कनीत गेलो. तिथेही खोबरंच, मागून थोडी व्हॅनिला. द्राक्षांच्या रसात खोबरं कुठून आलं?

उत्तर साधं निघालं. ही वाईन ओकच्या लाकडी पिंपात मुरते. अमेरिकन ओकमध्ये एक लॅक्टोन भरपूर असतं, त्याचा वास खोबऱ्यासारखा. फ्रेंच ओकमध्ये ते बरंच कमी. पण रिओहा उत्तर स्पेनमध्ये, एब्रो नदीच्या खोऱ्यात, फ्रान्सला जवळ. तिथे समुद्रापलीकडचं लाकूड कशाला? हे शोधताना मी शिरलो एका किड्याच्या इतिहासात.

फिलॉक्सेरा हा माव्यासारखा बारीक किडा, मूळचा उत्तर अमेरिकेचा. १८६०च्या दशकात तो अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फ्रान्समध्ये पोचला. तो मुळांतला रस शोषतो, मुळं सुजतात, कुजतात, वेल मरतो. अमेरिकन वेली पिढ्यानपिढ्या त्याच्यासोबत राहिल्यामुळे तग धरतात. युरोपातल्या वेलींना त्याची ओळखच नव्हती. बोर्दोचे मळे वाळू लागले आणि तिथले व्यापारी वाईन शोधत डोंगर ओलांडून रिओहात आले.

आरो नावाच्या गावात (लिहिताना पुढे एच असतो, उच्चारात नाही) १८६३मध्येच रेल्वे आली होती. गाडीत पिंपं चढवायला सोपं, म्हणून तळघरं स्टेशनालगतच बांधली गेली. लोपेझ दे एरेदिया १८७७ची, कुने १८७९ची. दोन्ही आजही तिथेच आहेत. सव्वादोनशे लिटरच्या पिंपात वाईन मुरवायची पद्धत बोर्दोची. ती रिओहात थोडी आधीच येऊ लागली होती, आता ती रुजली. लाकूड मात्र अमेरिकेचं रूढ झालं. स्पेनचा त्या किनाऱ्याशी समुद्री व्यापार जुनाच होता.

म्हणजे शेजाऱ्याचं घर जळत होतं आणि इथे दिवाळी होती. मला हे वाचताना जरा अस्वस्थ वाटलं, कारण पुढचं पान ठाऊक होतं. १८९२मध्ये फ्रान्सनं आयातकर वाढवले, दिवाळी ओसरली. १८९९मध्ये तोच किडा रिओहात सापडला. उपाय तोवर माहीत होता: अमेरिकन वेलीच्या मुळावर स्थानिक वेलीचं कलम. पण त्यासाठी आधी उभा मळा उपटायचा, रोपं विकत घ्यायची, मग तीन-चार वर्षं पीक नाही. लहान शेतकऱ्यानं तोवर खायचं काय? कित्येकांनी गाव सोडलं. म्हणून आज आपण पितो त्या रिओहातही बहुतेक वेलींची मुळं अमेरिकन असतात.

आता चवीकडे. इथलं मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. ते लवकर पिकतं. क्रियान्झा किमान दोन वर्षं मुरवतात, त्यातलं निदान एक पिंपात. पहिल्या घोटात चेरी, मग जांभूळ खाल्ल्यावर येतो तसा तुरटपणा. तो टॅनिनचा. मटणातली चरबी आणि प्रथिनं त्याला मऊ करतात. म्हणून रिओहात द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्यांवर कोकराच्या चापा भाजतात. सोबत फक्त मीठ. 'रूम टेंपरेचर'वर मात्र जाऊ नका. ते युरोपातल्या खोलीचं, सोळा-अठरा अंशांचं. आपल्या मे महिन्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीच लागते.

दुसऱ्या दिवशी मी तिथला एक साधा पदार्थ करायला घेतला: बटाटे, कांदा, लसूण, सुकी गोडसर लाल मिरची आणि चोरिसो. बटाटा सुरीनं पूर्ण कापायचा नाही, अर्ध्यात सुरी घालून तोडायचा, म्हणजे रस्सा दाट होतो. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून स्पेनला गेलेली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेली. बटाटा तर त्यांच्या नावासकट आला. चोरिसो मिळेना, म्हणून गोव्याचं चोरीस घातलं. तेही पोर्तुगीजांच्याच घरातलं, फक्त इथे आल्यावर व्हिनेगर आणि तिखटात मुरलेलं.

फसलं. व्हिनेगरपुढे वाईन पाणचट लागली आणि अल्कोहोलनं तिखटाची आग दुप्पट केली. मित्र म्हणाला, "ह्याच्याबरोबर सोलकढी पाहिजे होती रे." मी चोरीस बाजूला काढून नुसता बटाटा आणि थोडा रस्सा घेतला, वर तुपाचा चमचा. मग घोट घेतला. खोबरं परत आलं.