नंदीबैलाचा होकार

१२. सेनगावच्या बाजारात नंदीबैलाने पावसाला 'होकार' दिल्याचा हा उल्लेख. बैलाला भविष्य कळत नाही, मालक मात्र नेमका कळतो. कासऱ्याला दिलेला बारीकसा हिसका, गुबूगुबूच्या ठेक्यातला फरक, मालकाच्या आवाजातला चढ यांवर मान डोलवायला त्याला शिकवलेले असते. गर्दीचे लक्ष झुलीकडे आणि शिंगांच्या गोंड्यांकडे, त्यामुळे कासरा कोण पाहतो!

बर्लिनचे विद्वानही असेच चकले होते. विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स हा घोडा खूर आपटून गणिते सोडवी. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले तर हान्सचेही गणित कच्चे. खुरांचा आकडा बरोबर भरताच विचारणाऱ्याचे डोके नकळत हले आणि घोडा थांबे. फॉन ऑस्टेन लबाड नव्हते, हे विशेष. तरीही अमेरिकेत जे. बी. राइन यांनी १९२९ मध्ये 'लेडी' या घोडीला परचित्तज्ञान असल्याचा निर्वाळा दिलाच.

मूळ लेखकाचा 'अंतर्ज्ञानी बैल' हा शब्दप्रयोग मजकुरात तसाच ठेवला आहे. संपादकाची त्याला संमती नाही.