दोन पाकळ्यांची महाधमनी झडप आणि वजनांचा व्यायाम

महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त शरीराकडे निघाले की त्या उघडतात आणि लगेच मिटून ते मागे येऊ देत नाहीत. शंभरांतील एक-दोन माणसांना मात्र जन्मतः दोनच पाकळ्या असतात. पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. जन्मजात हृदयदोषांत हा सर्वांत जास्त आढळणारा दोष असून लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनांतही अशी झडप दिसते. भारतात झडपेचा आजार म्हटला की लहानपणीच्या संधिवाताच्या तापातून जडणारा आजार आठवतो. हा त्याहून वेगळा, जन्मापासूनचा. दोन पाकळ्यांवर जास्त ताण पडतो. वयाबरोबर त्यांत कॅल्शियम साचून झडप अरुंद होते, किंवा ती नीट न मिटल्याने रक्त मागे गळते. बऱ्याच जणांत महाधमनीची भिंतही दुबळी असते आणि हळूहळू फुगत जाते. वजने उचलणाऱ्यासाठी हा फुगवटा फार महत्त्वाचा आहे, कारण भिंत आतून चिरली तर काही तासांत जिवावर बेतते.

धावताना हृदय जास्त रक्त फेकते, पण स्नायूंतील रक्तवाहिन्या सैल होत असल्याने रक्तदाब बेताने चढतो. जड वजनाखाली उलट घडते. आखडलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबून धरतात आणि माणूस दम कोंडून कुंथतो, त्यामुळे छातीतला दाबही वाढतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या धमनीत थेट नळी घालून रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांनी वजन रेटताना तो सरासरी 320/250 पर्यंत चढला; एकाचा तर 480/350 च्याही वर गेला. ही उसळी क्षणभराची असते, वजन खाली आले की दाब झपाट्याने उतरतो. निरोगी भिंत ती सोसते. आधीच ताणलेल्या भिंतीबद्दल तसा भरवसा देता येत नाही.

तरीही केवळ पाकळ्या दोन आहेत म्हणून कोणाला व्यायाम बंद करायला सांगणे चूक आहे. निर्णय टूडी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालावर ठरतो. झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला 4 मीटर किंवा अधिक असेल, किंवा झडपेचे तोंड 1 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान असेल, तर अरुंदपणा तीव्र समजतात आणि जड वजनांना मनाई असते. गळती किती आहे आणि डावा कप्पा ताणला गेला आहे का, हेही पाहावे लागते. महाधमनीच्या रुंदीबाबत अमेरिकी हृदयरोग संघटनांनी 2015 मध्ये खेळाडूंसाठी मापे सुचवली. रुंदी नेहमीएवढी आणि झडप चांगली चालणारी असेल तर स्पर्धात्मक खेळांनाही आडकाठी नाही. 40 मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर जड वजने टाळावीत. 45 च्या पुढे स्पर्धा नकोत. साधारण 55 मिलिमीटरला शस्त्रक्रिया सुचवतात, जोखीम जास्त असल्यास त्याआधीही. लहान चणीच्या व्यक्तीला हीच मापे अधिक गंभीर ठरतात. एकोत महाधमनीचा वरचा भाग नीट दिसला नाही तर सीटी किंवा एमआरआय करतात. माप बदलत राहते, म्हणून जुन्या अहवालावर विसंबून वजन वाढवू नये.

डॉक्टरांनी मुभा दिल्यावर व्यायामाचा गाभा एकच: दम कोंडायचा नाही. वजन वर नेताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. दहा-पंधरा वेळा आरामात उचलता येईल एवढेच वजन घ्यावे आणि आणखी दोन-तीन वेळा उचलण्याची ताकद उरली असतानाच थांबावे. एकदाच उचलता येईल असे कमाल वजन आजमावू नये. स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि लेगप्रेसमध्ये मोठे स्नायू एकदम कामाला लागतात. तिथे विशेष सांभाळावे. जिममध्ये धोका बहुधा शेवटच्या क्षणी येतो. चेहरा लाल झालेला, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या आणि डोक्याशी उभा जोडीदार ‘अजून एक!’ म्हणून ओरडतो आहे, नेमके तेव्हाच बार ठेवायचा असतो. त्यासाठी प्रशिक्षकाला दोषाची कल्पना आधीच द्यावी. उत्तेजक पावडरी आणि स्टेरॉइड पूर्ण वर्ज्य.

वजने जिमपुरती नसतात. मिरा-भाईंदरच्या किनाऱ्यावर उत्तन, चौक, पाली या मच्छीमार गावांत जाळी ओढणे, मासळीच्या टोपल्या वाहणे, बर्फ आणि डिझेलचे कॅन होडीवर चढवणे हे रोजचे काम आहे. ओले जाळे ओढताना दम आपोआप कोंडला जातो. हृदयाला तो ताण डेडलिफ्टसारखाच. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीनंतर काम एकदम सुरू होते, तेव्हा काही दिवस भार हळूहळू वाढवणे हिताचे. टोपली दोघांनी धरावी, दोर टप्प्याटप्प्याने ओढावा, ओढताना तोंडाने श्वास सोडत राहावा. ज्याचा फुगवटा मोठा आहे त्याने ओढकाम सोडून सुकाणू किंवा विक्री सांभाळावी, असे सांगताना घरच्या मिळकतीचाही विचार डॉक्टरांनी करावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत, साधारण तीन महिने, जड उचलणे बंद असते. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली आणि 1990 मध्ये प्रथम बसवलेली चित्रा झडपही याच प्रकारची. गोळी चालू असताना बार अंगावर पडणे किंवा डोक्याला मार लागणे साध्या दुखापतीवर थांबत नाही. उतींची झडप बसवल्यास ही गोळी बहुधा कायम लागत नाही, पण ती झडप झिजते. शरीरसौष्ठवपटू अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यातही हाच जन्मदोष होता. 1997 च्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना 2018 आणि 2020 मध्ये पुन्हा झडपा बदलाव्या लागल्या.

व्यायाम करताना घेरी येणे, छातीत दुखणे किंवा नेहमीपेक्षा लवकर धाप लागणे दिसताच थांबून तपासणी करावी. छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी अचानक कळ आली तर वाट न पाहता 108 ला फोन करावा. हिरड्यांतून शिरलेले जंतू अशा झडपेवर घर करू शकतात, म्हणून दातांची निगाही उपचाराचाच भाग आहे. हा दोष घराण्यात चालू शकतो. रुग्णाच्या आईवडिलांचा, भावंडांचा आणि मुलांचा एको एकदा करून घ्यावा, मग ते वजने उचलत असोत वा नसोत.