‘बीट द डेव्हिल’ : एका वाया गेलेल्या नटसंचाची कथा

चित्रपटसृष्टीचा इतिहास सांगताना यशाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात; अपयशाच्या कथा मात्र निर्मात्याच्या जमाखर्चाच्या वहीतच पडून राहतात. वस्तुतः कलेचा व्यवहार ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याला एखादे मोठे अपयश दहा यशांपेक्षा अधिक शिकवून जाते. आज ज्या चित्रपटाविषयी बोलावयाचे योजिले आहे, तो ‘बीट द डेव्हिल’ हा इंग्रजी बोलपट अशाच अपयशांपैकी एक होय. १९५३ साली तो इंग्लंडात आणि १९५४ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, नायक हंफ्री बोगार्ट, नायिका जेनिफर जोन्स आणि जीना लोलोब्रिजिदा, शिवाय रॉबर्ट मॉर्ली आणि पीटर लॉरी. एवढी नामावळी एका जाहिरातीत पाहून कोणाही रसिकाची अपेक्षा उंचावली असती. तरीही चित्रपट कोसळला. का कोसळला, हा आजचा प्रश्न आहे.

याचे मूळ १९४१ सालात आहे. त्या वर्षी ह्यूस्टनने डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरून ‘द मॉल्टीज फाल्कन’ हा आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. एका काळ्या पक्ष्याच्या मूर्तीसाठी झटणारे काही भामटे आणि त्यांच्या मध्ये उभा असलेला बोगार्टचा गुप्त पोलीस, एवढीच ती कथा. परंतु तिने बोगार्टला पहिल्या प्रतीचा नट केले आणि ह्यूस्टनला दिग्दर्शक म्हणून प्रतिष्ठा दिली. पुढे या दोघांनी ‘ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ आणि ‘आफ्रिकन क्वीन’ यांसारखे चित्रपट केले, आणि ‘आफ्रिकन क्वीन’साठी बोगार्टला १९५२ साली ऑस्कर पारितोषिकही मिळाले. दोघे केवळ सहकारी नव्हते, जिवलग मित्र होते. तेव्हा ह्यूस्टनने नवी कथा पुढे केली आणि बोगार्टच्या ‘सांताना’ या स्वतःच्या निर्मितीसंस्थेने तीत पैसा घातला, यात नवल नाही. बोगार्टने या खेळात आपले नाव आणि आपली पुंजी अशी दोन्ही पणास लावली होती, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

मूळ कादंबरी १९५१ ची. लेखकाचे नाव जेम्स हेल्विक असे छापलेले असले, तरी ते टोपणनाव होते. खरा लेखक क्लॉड कोबर्न हा ‘द वीक’ नावाचे पत्र चालविणारा डाव्या मतांचा इंग्रज पत्रकार. अमेरिकेत त्या काळी साम्यवादाचा नुसता संशयही माणसाचा धंदा बुडविण्यास पुरेसा होता. तेव्हा साम्राज्यावर आणि भांडवलावर हसणारे हे पुस्तक टोपणनावानेच आले, हे त्या काळाला शोभूनच होते.

कथेचा सांगाडा असा. इटलीतील एका लहानशा बंदरात चार भामटे एका मोडक्या आगबोटीची वाट पाहत बसले आहेत. पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश मुलखात युरेनियमची जमीन लबाडीने पदरात पाडून घ्यावयाची, हा त्यांचा बेत. बिली डॅनरूथर हा त्यांचा मध्यस्थ. ही बोगार्टची भूमिका. त्याची इटालियन पत्नी इंग्रजी चहापाण्याच्या आणि इंग्रजी रीतिभातीच्या प्रेमात पडलेली. तेवढ्यात एक इंग्रज जोडपे येते. नवरा खानदानी प्रतिष्ठेचा ताठा मिरविणारा. बायको ग्वेंडोलेन अशी की खोटे बोलल्यावाचून तिला दिवस गोड लागत नाही. मग मोटार कड्यावरून कोसळते, बोट भर समुद्रात नादुरुस्त होते, मंडळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडली जातात आणि अखेर जेथून निघाली तेथेच परत येतात. भामट्यांना पोलीस नेतात, आणि ज्या जमिनीसाठी हा सारा खटाटोप, ती त्या इंग्रज नवऱ्याच्या हाती लागल्याची तार येते. बिली पोट धरून हसू लागतो आणि चित्रपट संपतो.

१९५३ च्या आरंभी अमाल्फीच्या किनाऱ्यावरील डोंगरमाथ्याच्या रावेल्लो गावी चित्रणास प्रारंभ झाला, तेव्हा संहिता तयार नव्हती. आधीचे लेखन ह्यूस्टनला पसंत पडले नव्हते. म्हणून ट्रूमन कपोटी या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या अमेरिकी लेखकास बोलाविण्यात आले. त्याची शिफारस जेनिफर जोन्सचे पती, प्रसिद्ध निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी केली होती. कपोटीने प्रसंग लिहावेत आणि दिवसा-दोन दिवसांत त्यांचे चित्रण व्हावे, असा क्रम सुरू झाला. नटाला आज बोलावयाचे वाक्य माहीत, परंतु उद्या आपले पात्र काय करणार हे माहीत नाही. त्यातच बोगार्टला मोटारीचा अपघात होऊन त्याचे दात गेले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. नटसंच वाया गेला असे आपण सहज म्हणतो. परंतु नट वाया जातो म्हणजे नेमके काय होते? या चित्रपटातील नट वाईट काम करीत नाहीत. मॉर्लीचा लठ्ठ, घामाघूम, मुखिया भामटा पाहण्यासारखा आहे. ही जागा खरे म्हणजे ‘फाल्कन’मधील सिडनी ग्रीनस्ट्रीटची, परंतु तो तोवर चित्रपटसंन्यास घेऊन बसला होता. लॉरीचे पात्र नावाने आयरिश आणि बोलण्याने जर्मन. त्याला ‘काळ म्हणजे काय’ या विषयावर एक चिमुकले भाषण आहे, आणि ते तो इतके सुंदर म्हणतो की रसिक ते अजून आठवतात. परंतु ते भाषण कथेतून काढून टाकले, तर कथेची एक वीटही हलत नाही! दोष येथे आहे. नटाला बोलावयास दिले आहे, करावयास काही दिलेले नाही.

‘फाल्कन’शी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तेथे प्रत्येकाला तो पक्षी हवा आहे. म्हणून तेथील प्रत्येक संभाषण हा एक सौदा असतो. प्रत्येक स्मितामागे एक धमकी असते. ग्रीनस्ट्रीटचे गडगडाटी हसणे आणि लॉरीचे मवाळ बोलणे या लकबी त्या हव्यासावर घासल्या जातात आणि ठिणगी पडते. ‘बीट द डेव्हिल’मधील युरेनियम हा नुसता एक शब्द आहे. ते कोणी पाहिलेले नाही, आणि त्याची खरी तहान कोणाला लागली आहे असेही वाटत नाही. सर्वाधिक नुकसान झाले ते बोगार्टचे. ज्याच्या चेहऱ्यावर आतला झगडा दिसावा म्हणून लोक तिकीट काढीत, त्याला येथे इतरांच्या गमती पाहत बाजूस उभे राहावे लागते.

या म्हणण्याला पुरावा हवा असेल, तर तो जेनिफर जोन्सची ग्वेंडोलेन देते. ‘साँग ऑफ बर्नाडेट’मधील साध्वी म्हणून गाजलेली ही नटी येथे सोनेरी केसांचा टोप घालून धडाधड थापा मारते, आणि संपूर्ण चित्रपटात तीच सर्वांत जिवंत वाटते. कारण उघड आहे. तिच्या थापांमुळे भामटे घाबरतात, बेत बदलतात, माणसे एकमेकांच्या उरावर बसतात. तिच्या भूमिकेला कथेत काम आहे. एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली, एकाच घाईत, जिला काम मिळाले ती तरली आणि ज्यांना केवळ जागा मिळाली ते बुडाले.

अमेरिकेत चित्रपटाची काटछाट करण्यात आली. भामट्यांची वरात प्रथम दाखवून बोगार्टच्या निवेदनाने कथा मागे नेण्यात आली. प्रेक्षकाला काही कळावे, हा हेतू. परंतु साहसकथेच्या आशेने आलेल्या प्रेक्षकाला साहसकथेचीच टिंगल पाहावयास मिळाली, आणि तो रागावून घरी गेला. बोगार्टचा पैसा बुडाला आणि या चित्रपटाविषयी तो अखेरपर्यंत कडवटच राहिला.

पुढे काळाने एक गंमत केली. अमेरिकेत स्वामित्वहक्काचे नूतनीकरण झाले नाही. त्यामुळे चित्रपटाच्या धुरकट प्रती सर्वत्र पसरल्या आणि त्याला हळूहळू भक्त लाभले. समीक्षक रॉजर ईबर्ट याने २००० साली त्याला आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत स्थान दिले. २०१६ साली मूळ क्रमाची, निवेदनाविरहित अशी संस्कारित प्रतही पुढे आली. ती पाहिल्यावर हे मान्य करावे लागते की, अणुयुगाची आणि ओसरत्या साम्राज्याची इतकी बेफिकीर थट्टा त्या काळी फारच थोड्यांनी केली. तथापि, ‘चित्रपट काळाच्या पुढे होता’ एवढे म्हणून हात झटकणे न्याय्य होणार नाही. थट्टा काळाच्या पुढे असेल. परंतु नटांना काम न देणे हे कोणत्याच काळाच्या पुढचे लक्षण नव्हे.

या दोन मित्रांनी पुन्हा एकत्र चित्रपट केला नाही. करावयाचे मनात मात्र होते. किप्लिंगच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ या कथेवर बोगार्ट आणि क्लार्क गेबल यांना घेऊन चित्रपट काढण्याचा ह्यूस्टनचा बेत होता. परंतु १४ जानेवारी १९५७ रोजी बोगार्ट निवर्तला आणि त्याच्या अंत्यविधीच्या वेळी श्रद्धांजलीचे भाषण ह्यूस्टनलाच करावे लागले. तो चित्रपट अखेर १९७५ साली शॉन कॉनरी आणि मायकेल केन यांना घेऊन निघाला. त्यातही दोन भामटे आहेत, परमुलखातील संपत्तीचा लोभ आहे आणि अखेर हाती धुपाटणे आहे. परंतु त्या दोघांना राज्य खरोखर हवे आहे, जीव गेला तरी हवे आहे. म्हणून त्यांच्या हसण्याने आपल्या घशात आवंढा येतो. ह्यूस्टनला तो मार्ग सापडला खरा. ज्या मित्राने आपली पुंजी लावून त्याच्यावर विश्वास टाकला होता, तो मात्र ते पाहावयास उरला नव्हता.