परतीच्या पाण्याचं विसण

आंघोळीच्या कढत पाण्यात आपण विसण घालतो. आइसलँडमधल्या रेक्याविक शहरानं घरं उबदार ठेवणाऱ्या पाण्यालाच विसण घातलं.

पूर्वी तिथल्या उकळत्या झऱ्यांवर बायका तीन किलोमीटर चालत धुणी नेत. काहीजणी त्यात पडून, भाजून मेल्या. १९३० मध्ये तेच पाणी नळानं एका शाळेत पोचलं. मग इस्पितळात, घराघरांत.

पुढे खोल विंधन विहिरींतून १०० अंशांहूनही तप्त पाणी आलं. तेव्हा घरं उबवून सुमारे ३५ अंशांवर उतरलेलं पाणी काही वस्त्यांतून परत आणून त्यात मिसळलं गेलं. ८० अंशांचं हे मिश्रण पुन्हा घरोघर निघालं.

ज्या पाण्यानं जीव घेतले, ते माणसाळलं परतीच्या विसणानं.