साक्षपत्र आणि प्रस्तावना : कृष्णवर्णीय लेखनाच्या आरंभीची पाने

अमेरिकेतील कृष्णवर्णीय साहित्याच्या अग्रणींचा गौरव करताना त्यांच्या ग्रंथांच्या आरंभीची पाने बहुधा न वाचताच उलटली जातात. वस्तुतः वर्णविषमतेच्या वाङ्मयीन इतिहासाचा मोठा भाग त्या पानांतच आहे. फिलिस व्हीटली गुलामगिरीत असतानाच तिचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित गोऱ्या पुरुषांचे साक्षपत्र आहे : या कविता तिच्याच आहेत, असे. साक्षीदारांत राज्यपाल हचिन्सन आहेत आणि पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन हँकॉकही आहेत. काव्याच्या गुणावगुणांची चर्चा दूरच. ती कवयित्री आहे हेच आधी सिद्ध करावे लागले.

फ्रेडरिक डग्लस यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८३८ मध्ये मेरिलँडमधून निसटलेल्या डग्लस यांचे आत्मकथन १८४५ साली निघाले. ते त्यांनी स्वतः लिहिले असल्याचे शीर्षकातच नमूद आहे; तरीही आरंभी विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र येते. दोघेही गुलामगिरीचे कडवे विरोधक, त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु व्यवस्था तीच राहते : अनुभव काळ्याचा, हमी गोऱ्याची. १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्राला मात्र डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ यांची प्रस्तावना आहे. ते स्वतः कृष्णवर्णीय, ग्लासगो विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर. दरम्यान, १८४७ मध्ये डग्लस यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले होते आणि गॅरिसन यांच्याशी त्यांचे बिनसले होते. प्रस्तावनाकार बदलणे ही घटना मला त्या ग्रंथातील कोणत्याही प्रकरणाइतकीच महत्त्वाची वाटते.

हॅरिएट जेकब्ज यांच्या वाट्याला हे आले नाही. त्यांचे आत्मकथन १८६१ साली टोपणनावाने, लिडिया मारिया चाइल्ड यांच्या संपादनाखाली निघाले. पुढे अनेक अभ्यासकांनी ते चाइल्ड यांचीच कादंबरी मानले. जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार तपासून लेखिकेचे श्रेय लेखिकेला परत मिळवून दिले. त्यांची सटीप आवृत्ती १९८७ ची.

मराठी वाचकाला येथे 'गोलपिठा' (१९७२) आणि त्याची विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आठवेल. तथापि ती साक्षपत्र नव्हे. प्रस्तावनाकारच तेथे कवीला शब्दांचे अर्थ विचारतो. आपली समीक्षा मात्र अद्याप दलित आत्मकथनांच्या अनुभवाची दाहकता मान्य करते आणि त्यांच्या रचनेविषयी फारसे बोलत नाही. डग्लस यांची दोन्ही आत्मकथने पदव्युत्तर वर्गात शेजारी ठेवून, प्रस्तावनांसकट वाचली गेली, तर या मौनाचा विचार तेथून सुरू करता येईल.