हव्या मेलच्या राखणीची कुळकथा

मुलाखतीचं बोलावणं स्पॅममध्ये पडून राहिलं आणि तारीख उलटून गेल्यावर सापडलं, अशी गोष्ट आपण प्रत्येकाने कुणा ना कुणाकडून ऐकलेली असते. कधी ते प्रवेशाचं पत्र असतं, कधी दिवाळी अंकाच्या संपादकांचं उत्तर, कधी परदेशातल्या भाच्याने पाठवलेले फोटो. ‘मेल मिळाला नसेल तर स्पॅममध्ये बघा’ हे वाक्य तर आता कुठल्याही कार्यालयात फोन केला की ऐकू येतं. स्पॅमचा इतिहास सांगताना बहुतेक जण नको असलेल्या मेलचाच इतिहास सांगतात. मला त्याची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. कचरा अडवताना निरपराध पत्र अडकू नये, म्हणून काही माणसांनी कित्येक वर्षं डोकं लढवलं आहे. त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेत आपल्यालाही एक काम नेमून दिलेलं आहे, आणि नेमकं तेच आपण करत नाही.

सुरुवात १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये होते. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत अर्पानेट हे जाळं होतं. त्याच्या घडवणाऱ्यांपैकी एक, जॉन पोस्टेल, यांनी जंक मेलच्या प्रश्नावर एक छोटंसं टिपण लिहिलं. ते ‘आरएफसी ७०६’ या क्रमांकाने आजही वाचायला मिळतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: एखादं यंत्र बिघडून किंवा मुद्दाम नको ते संदेश पाठवत राहिलं, तर ते नाकारायची सोय घेणाऱ्याकडे नाही; ती असायला हवी. तेव्हा कुणी जाहिरातही पाठवलेली नव्हती. ती आली तीन वर्षांनी. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवलं. पत्ते जाळ्याच्या छापील निर्देशिकेतून उतरवून घेतले होते. ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात आणि उरलेले मजकुरात उतरले. तक्रारी झाल्या, कानउघाडणी झाली, प्रकरण तिथेच मिटलं.

खरी अडचण मात्र १९८२ मध्ये नियमांतच बसली. मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा जावा, याची एसएमटीपी नावाची पद्धत त्या वर्षी पोस्टेल यांनीच लिहून काढली. आजही जगभरचा मेल तिच्याच पायावर चालतो. या पद्धतीत पाठवणाऱ्याचं नाव कुणी तपासत नाही. पाकिटामागे ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव लिहून ते टपालपेटीत टाकता येतं, तसंच हे. त्या काळात जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या, माणसं एकमेकांना ओळखत होती, म्हणून हा विश्वास चालून गेला. नव्वदच्या दशकात व्यापाराला दार उघडलं आणि याच विश्वासाचा गैरफायदा घेतला जाऊ लागला.

पहिला उपाय काळ्या यादीचा. पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी १९९७ च्या सुमारास स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी चालवायला घेतली. कुठलाही मेल सर्व्हर ती क्षणात विचारून घेऊ शकत होता आणि यादीतल्या पत्त्यावरून आलेला मेल दारातूनच परत लावू शकत होता. १९९८ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था सुरू केली. तिच्या याद्या आजही वापरात आहेत. याद्यांनी कचरा पुष्कळ रोखला, पण त्यांना माणूस दिसत नव्हता, यंत्र दिसत होतं. एका सर्व्हरवर शंभर ग्राहक असले आणि त्यातल्या एकाने स्पॅम सोडला, तर उरलेल्या नव्याण्णवांची पत्रंही अडत. एक गोष्ट मात्र त्या पद्धतीत चांगली होती. दारातून परतलेला मेल पाठवणाऱ्याकडे कारणासह यायचा. आपलं पत्र पोहोचलं नाही, हे निदान त्याला कळायचं.

दुसरा उपाय गुण देण्याचा. जस्टिन मेसन या आयरिश प्रोग्रामरने २००१ मध्ये स्पॅमअसॅसिन हे साधन खुलं केलं. ते मेलमध्ये शेकडो खुणा तपासतं आणि प्रत्येकीला गुण देतं. बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. काही खुणांचे गुण उणेही असतात, म्हणजे त्या मेलच्या बाजूने साक्ष देतात. आणि तुम्ही एखाद्याचा पत्ता स्वतः आपल्या विश्वासातल्या यादीत घातलात, तर त्याच्या मेलला थेट उणे १०० गुण मिळतात. त्यापुढे इतर सगळ्या खुणांचं काही चालत नाही. घेणाऱ्याचा शब्द सगळ्यात जड, हे तत्त्व इथे आकड्यात मांडलं गेलं.

तिसरा उपाय मला या कुळकथेचा गाभा वाटतो. १९९८ मध्ये मेहरान सहामी, सुझन ड्युमे, डेव्हिड हेकरमन आणि एरिक हॉर्विट्झ यांनी मेलमधल्या शब्दांवरून तो स्पॅम असण्याची संभाव्यता काढायची रीत मांडली. त्यामागचं गणित अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेज यांचं, त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेलं. कचरा आत येणं आणि चांगलं पत्र बाहेर राहणं या दोन चुका सारख्या नाहीत, हे या संशोधकांनी गणितातच धरलं होतं. ९९.९ टक्के खात्री असल्याशिवाय मेलला जंक म्हणायचं नाही, अशी त्यांची अट होती.

ही रीत सामान्य प्रोग्रामरपर्यंत नेली पॉल ग्रॅहम यांच्या ऑगस्ट २००२ च्या निबंधाने. त्यांनी आपले चांगले आणि वाईट असे सुमारे चार-चार हजार मेल घेतले आणि प्रत्येक शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो, ते यंत्राकडून मोजून घेतलं. भडक लाल रंगाचा ‘एफएफ००००’ हा संकेत स्पॅमची जवळजवळ पक्की खूण निघाला. असा नियम माणसाला बसल्या जागी सुचला नसता. पण त्यांनी केलेली एक तजवीज जवळून बघण्यासारखी आहे. चांगल्या मेलमधली शब्दाची मोजणी ते दुप्पट धरत. समजा, एखादा शब्द वाईट ढिगात २० वेळा आणि चांगल्या ढिगात १० वेळा आला. सरळ हिशेबाने तो शब्द असलेला मेल स्पॅम असण्याची शक्यता ३० पैकी २०, म्हणजे ६७ टक्के. चांगल्या बाजूचे १० दुप्पट केले की ४० पैकी २०, म्हणजे ५० टक्के. त्या एका गुणाकाराने संशयित शब्द निर्दोष झाला. चांगलं पत्र चुकून जाऊ नये म्हणून तराजूचं एक पारडं जाणूनबुजून जड केलेलं होतं.

याच निबंधात ग्रॅहम यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं. त्यांना ‘लिस्प’ या संगणकभाषेविषयी पुष्कळ पत्रं येत आणि स्पॅममध्ये तो शब्द कधीच नसे. त्यामुळे तो शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा परवलीचा शब्दच झाला. आपल्या मेलवर शिकलेल्या गाळणीत ‘आत्या’, ‘सातबारा’, ‘मोदक’ हे शब्द असंच काम करतील. २००३ मध्ये मोझिलाच्या मेल प्रोग्रामात अशी शिकणारी गाळणी आली. ती शिकवायची कशी? मेल दाखवून सांगायचं, हा जंक, हा जंक नाही. ‘स्पॅम नाही’ या बटणाचं कूळ हे आहे. २००४ मध्ये आलेल्या जीमेलसारख्या सेवांनी हे शिक्षण सामुदायिक केलं. तुम्ही दिलेली साक्ष आता त्याच पाठवणाऱ्याकडून मेल घेणाऱ्या इतरांच्याही कामी येते.

शब्द ओळखता आले तरी पाकिटामागचं नाव खरं की खोटं, हा १९८२ चा प्रश्न उरलाच होता. तो तीन टप्प्यांत सुटला. मेंग वेंग वोंग यांनी २००३ मध्ये, आधीच्या काही प्रस्तावांवरून, एसपीएफ मांडला. डोमेनच्या, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या नावाच्या, मालकाने आपला मेल कुठल्या यंत्रांवरून निघतो त्याची यादी जाहीर करायची आणि घेणाऱ्याने ती ताडून बघायची. पण मेल कुणी पुढे पाठवला की तो यादीबाहेरच्या यंत्रावरून येतो आणि खरं पत्र खोटं ठरतं. म्हणून दुसरा टप्पा. याहूमध्ये मार्क डेलनी यांनी घडवलेली डोमेनकीज आणि सिस्कोची तशीच एक पद्धत यांच्या मिलाफातून २००७ मध्ये डीकेआयएमचा मसुदा आला. यात मेलवर गुप्त किल्लीने सही केली जाते आणि ती तपासायची किल्ली डोमेनच्या नोंदीत उघडी ठेवलेली असते. सही मेलबरोबरच प्रवास करते. वाटेत मजकूर बदलला नाही तर ती टिकते. तिसरा टप्पा २०१२ मध्ये जाहीर झालेला डीमार्क. वाचणाऱ्याला दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव या तपासण्यांशी जुळतं का, आणि न जुळल्यास काय करायचं, हे तो सांगतो: काही करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणारा गूगलच्या लेखी घाऊक. जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. म्हणजे हजार मेलमागे तीन माणसांनी रागाने बटण दाबलं की उरलेल्या ९९७ जणांचा हवा असलेला मेलही धोक्यात येतो. नाव काढून घेण्याची वाट सोपी ठेवणं, हे म्हणूनच वाचणाऱ्यांच्याही हिताचं आहे.

ही सक्ती मोठ्या कंपन्यांनी निभावून नेली. अडचण होते ती लहान संस्थांची: गावचं वाचनालय, गृहनिर्माण सोसायटी, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ. सचिव पाठवणारा म्हणून आपला खासगी जीमेलचा पत्ता लावतात आणि मेल सोडतात दुसऱ्याच एखाद्या सेवेतून. दिसणारं नाव जीमेलचं, सही दुसऱ्याची. डीमार्कच्या तपासणीत तो मेल नापास होतो आणि वार्षिक सभेची सूचना स्पॅममध्ये जाते. अशा संस्थांनी स्वतःचं डोमेन घ्यावं, त्यावर तिन्ही नोंदी करून घ्याव्यात आणि ज्याने आपणहून नाव दिलं त्यालाच मेल पाठवावा. ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याच्याकडेच या नोंदींविषयी विचारता येतं.

आता वाचणाऱ्याचं काम. काळ्या याद्यांच्या काळात अडलेला मेल परत जाऊन पाठवणाऱ्याला कळवत असे. स्पॅम फोल्डर मात्र कुणालाच काही सांगत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं पोहोचला, घेणाऱ्याला वाटतं आलाच नाही, आणि जीमेलमध्ये ३० दिवसांनी तो मेल कायमचा पुसला जातो. गाळणीला खात्री नसते म्हणून मेल फेकून न देता या फोल्डरात ठेवलेला असतो, शेवटचा निकाल आपल्यावर सोडून. तेव्हा आठवड्यातून एकदा तो फोल्डर उघडा. ओळखीचा मेल सापडला तर नुसता वाचून सोडू नका, ‘स्पॅम नाही’ दाबा आणि तो पत्ता आपल्या संपर्कांत घाला. ज्या मेलसाठी कधीकाळी स्वतःच नाव नोंदवलं, तो नकोसा झाला तर नाव काढून घ्या; त्याला स्पॅम म्हणू नका. आपली साक्ष खरी असेल, तरच गाळणी नीट शिकेल.