साडेतीन चरण

वेरूळचं दहावं लेणं. गर्दी कैलासकडे गेलीय. ओसरीतल्या जिन्यानं तुम्ही दारावरच्या सज्जात येता. समोर स्तूपाला पाठ लावून बसलेला बुद्ध, वर लाकडी वाशांची नक्कल करणाऱ्या दगडी फासळ्या. सहज एक ‘सा’ लावता. तुम्ही थांबलात तरी तो थांबत नाही. चर्चमध्ये क्वायरचा सज्जा असाच दारावर असतो, ऐकणाऱ्यांच्या पाठीशी.

सूर विरायच्या आत डोळे मिटा.

सोळावं शतक. जवळच देवगिरीवर जनार्दनस्वामींपुढे पैठणचा एकनाथ बसलाय. किल्ल्याच्या पायथ्याला, एका घरात, पहाटेचं जातं फिरतंय. बाईची ओवी तीन चरण चालते आणि चौथ्यात अर्ध्यावरच उतरते. त्या उतारावर तिचा हात जात्यात मूठभर दाणे सोडतो. बायकांच्या या ओवीची नोंद चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकातच आहे. चाल कानात धरा. आता समुद्राकडे जायचंय.

१६१६ नंतरचा एक रविवार, गोव्यातल्या साष्टीतलं चर्च. चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोटलेली पोरं लॅटिन गातायत. स्वर लांब, एकात एक मिसळणारे, देखणेच. पण तुमच्या शेजारचा म्हातारा नुसता बसून आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपते. एक जाडजूड पुस्तक उघडतं. अक्षरं रोमन, कारण गोव्यात देवनागरीचे खिळे नाहीत. भाषा मात्र मराठी. राचोलला १६१६ मध्ये छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’. रचणारे फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज जेसुइट. ओव्या जवळजवळ अकरा हजार! तीन चरण जातात, चौथा उतरतो, आणि म्हाताऱ्याची मान डोलू लागते.

ते डोलणं बघताना मला बरं वाटतं आणि वाटतही नाही. याच साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली, त्यांच्याबरोबर पुराणंही गेली. स्टीफन्सनी हे लपवलेलं नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणं मना केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? उपदेश त्याला दर रविवारी मिळत होता. त्याला पुराण हवं होतं, गाता येईल असं.

पुराण मिळालं, मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. तिच्यात लोकभाषेला दार उघडलं ते ४ डिसेंबर १९६३ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. वसईच्या चर्चमधून मग मिस्साच मराठीत गायली जाऊ लागली. म्हाताऱ्याला साडेतीनशे वर्षं थांबावं लागलं असतं.

डोळे उघडा. लेण्याच्या दाराशी पहारेकरी मनगटावरचं घड्याळ दाखवतोय. निघता निघता एक ओवी म्हणून बघा, आजीची असेल ती. तीन चरण सरळ जातात. चौथा तुम्ही अर्ध्यावर सोडता, आणि दगड तो ओढत नेतो, त्या पोरांच्या लॅटिन स्वरासारखा.